दुधाचा खवा आणि संगणकाचा हुकूम

भूमच्या परिसरात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. कढईतले दूध आटत आटत त्याचा खवा होतो; पण त्या खव्यात पाणी घालून कितीही ढवळले, तरी पहिले दूध काही परत मिळत नाही. अपरिवर्तनीय प्रक्रिया शिकवताना मी वर्गात हेच उदाहरण देतो. मध्यंतरी एका विद्यार्थिनीमुळे मला या प्रक्रियेचे आणखी एक उदाहरण मिळाले.

लंबकाच्या दोलनांच्या मोजमापांवरून आलेख काढणारी आज्ञावली तिने दोन दिवस खपून लिहिली होती. कामाच्या आवृत्त्या जपून ठेवण्यासाठी ती 'गिट' हे साधन वापरीत होती. मध्येच काहीतरी अडले, तेव्हा कोणीतरी सुचवलेला 'गिट रीसेट --हार्ड' हा हुकूम तिने टाइप केला आणि एन्टर दाबले. पडद्यावर एक शांत ओळ उमटली. दोन दिवसांचे काम मात्र नाहीसे झाले होते. "हुकूम नीट वाचायला नको का?" असे सगळे तिलाच म्हणाले. मला हे म्हणणे पटले नाही, आणि का पटले नाही तेच येथे सांगायचे आहे.

प्रथम गिट म्हणजे काय ते पाहू. तुमच्या शेताचा सातबारा आठवा. जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेली म्हणून तलाठी जुने नाव खोडरबराने पुसत नाही. फेरफाराच्या नोंदवहीत क्रमांक घालून नवी नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी साधारणपणे १५ दिवसांची मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. जुन्या नावाला कंस होतो. पण ते वाचता येते. गिट हेच काम संगणकातल्या लिखाणासाठी करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामाकरिता ते लिहिले. आज मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाच्या पाठांतूनही गिट शिकता येते. म्हणजेच तज्ज्ञांसाठी घडवलेले हत्यार आता नवशिक्यांच्या हाती आले आहे.

एकदा नोंद, म्हणजे 'कमिट', केली की गिट ती चांगली सांभाळते. नोंद चुकून नजरेआड झाली, तरी 'गिट रीफ्लॉग' या हुकमाने तिचा माग निघतो. अशा सुटलेल्या नोंदींचा माग, आपण काही बदल केला नसेल तर, निदान ३० दिवस राहतो. खरा धोका आहे तो अजून नोंद न केलेल्या कामाला. 'रीसेट --हार्ड' ते काम न विचारता पुसते. नवशिक्याचे काम बहुधा याच अवस्थेत असते, कारण नोंद वरचेवर करावी ही सवयच त्याला अजून लागलेली नसते. ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच आधार नाही!

मग प्रत्येक हुकमाला "नक्की ना?" असे विचारावे काय? हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. दहा वेळा 'हो' म्हणणारा माणूस अकराव्या वेळी न वाचताच 'हो' म्हणतो. आपल्या घरातील तीन पायांच्या प्लगकडे पाहा. त्यातला भूसंपर्काचा पाय इतर दोघांपेक्षा लांब आणि जाड असतो. त्यामुळे प्लग बसवताना भूसंपर्क सर्वांत आधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी तुटतो. प्लग आपल्याला काही विचारीत नाही. सुरक्षितता त्याच्या घडणीतच आहे. साधने अशी हवीत.

हे अशक्य नाही. गिटच्याच काळात, २००५ साली, मॅट मॅकॉल यांनी 'मर्क्युरियल' हे साधन तयार केले. त्यात 'रिव्हर्ट' हुकमाने धारिका जुन्या रूपात आणली, तर बदललेल्या मजकुराची एक प्रत आपोआप बाजूला ठेवली जाते. ती नको असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते. अलीकडच्या 'जुजुत्सु' या साधनात चालू कामाची नोंद आपोआप होत राहते, आणि मागचा हुकूम उलटवण्यासाठी 'अनडू' आहे. गिटमध्येही सुधारणा झाल्या आहेत. 'गिट क्लीन' हा हुकूम सक्तीची खूण दिल्याशिवाय सहसा काही पुसत नाही. 'चेकआउट' या एकाच हुकमाकडे शाखा बदलणे आणि धारिका पूर्ववत करणे अशी दोन कामे होती; २०१९ साली त्यांसाठी 'स्विच' आणि 'रीस्टोअर' असे दोन वेगळे हुकूम आले. नावे स्पष्ट झाली, हे चांगलेच झाले. पण 'रीस्टोअर'देखील नोंद न केलेले बदल प्रत न ठेवताच पुसतो. पाटी बदलली, खड्डा तसाच राहिला.

माझे म्हणणे एवढेच, की नोंद न केलेले काम पुसण्यापूर्वी साधनाने त्याची प्रत स्वतःहून ठेवावी आणि ती परत कशी आणायची, हे त्याच ओळीखाली सोप्या शब्दांत सांगावे. ते शब्द मराठीत आले तर अधिकच बरे. जाणकार म्हणतील, अशाने कामाचा वेग कमी होईल आणि चकती भरेल. परंतु विद्यार्थ्याच्या आज्ञावलीला लागते ती जागा काही किलोबाइटची; एका छायाचित्राहूनही पुष्कळदा कमी. ज्याला प्रत नको त्याने ती मुद्दाम नाकारावी. अधिक टाइप करण्याचा भार जाणत्यावर पडावा, नवख्यावर नव्हे.

साधन सुधारेपर्यंत आपण काय करावे? विद्यार्थीमित्रहो, अर्ध्या तासाने का होईना, नोंद करीत जा. अपुरे काम नोंदायला लाज कसली? पुसणारा हुकूम देण्याआधी 'गिट स्टेटस' पाहा. 'क्लीन' वापरण्यापूर्वी त्याला '-एन' जोडा, म्हणजे काय पुसले जाणार ते न पुसताच कळेल. आणि शिक्षकांना विनंती अशी, की एक फेकाऊ संग्रह तयार करून तो मुलांकडून मुद्दाम बिघडवून घ्यावा व पुन्हा उभा करवावा. प्रयोगशाळेत आपण परीक्षानळी फुटण्याचा हिशेब आधीच धरतो, मग येथे का धरू नये?

त्या मुलीने आज्ञावली पुन्हा लिहिली आणि ती पहिलीपेक्षा सुबक झाली. पण त्यानंतर कित्येक दिवस ती त्या काळ्या पडद्यासमोर बसायला कचरत होती. दोन दिवसांच्या कामापेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते. दुधाचा खवा झाला तर तो निसर्गाचा नियम आहे. त्यापुढे आपला इलाज नाही. संगणकाचे हुकूम मात्र माणसांनीच लिहिले आहेत, आणि माणसांना ते बदलता येतात.