शिवराई: अस्सल आणि ओतीव

शिवराज्याभिषेकाला २०२४ मध्ये ३५० वर्षे पूर्ण झाली. त्या काळातील 'शिवराई' संग्रही असावी, ही इच्छा स्वाभाविकच; बनावट नाण्यांचा धंदा नेमका याच श्रद्धेवर चालतो. अस्सल शिवराई तांब्याच्या चकतीवर ठसा ठोकून पाडली जाई. ठसा चकतीहून मोठा असल्याने 'श्री राजा शिव', 'छत्रपति' ही अक्षरे बहुधा अर्धवट उमटत. साच्यात ओतलेल्या नकलेवर मात्र हवेचे सूक्ष्म खड्डे, कडेला जोडरेघ आणि बोथट अक्षरे आढळतात. दोन नाण्यांवर हुबेहूब तेच ओरखडे असतील, तर शंकेला जागाच उरत नाही. शिवाय अस्सल शिवराई महाराजांच्याच काळातील असेल असे नव्हे. पेशवाईतही ती पाडली जात होती. नाणे हा इतिहासाचा पुरावा आहे. तोच खोटा निघाला, तर फसवणूक केवळ खिशाची राहत नाही.