इथेनॉल : स्वदेशीचा हिशेब उघड असावा

पेट्रोल भरले की तारीख, लिटर आणि किलोमीटरचा आकडा एका छोट्या वहीत टिपून ठेवण्याची मला गेल्या पंचवीस-तीस वर्षांची सवय आहे. ती वडिलांकडून आली. त्यांच्या स्कूटरच्या डिकीतही अशीच एक वही असे. मी कला शाखेचा पदवीधर. इंजिनाच्या पोटात काय चालते, हे मला समजत नाही; वहीतले आकडे तेवढे वाचता येतात. २०११ साली घेतलेली आमची गाडी शहरात लिटरला पंधरा किलोमीटर जात असे. अलीकडे हा आकडा चौदावर येऊन थांबला आहे. गाडीचे वय झाले, रहदारी वाढली, ही कारणे आहेतच. आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने मात्र बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान सांगून टाकले, "साहेब, गाडीत काही नाही. पेट्रोलच बदललंय."

हे निदान पूर्णतः खरे नाही आणि पूर्णतः खोटेही नाही. तेवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. २००१ साली याच्या प्राथमिक चाचण्या झाल्या त्या महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे. अटलजींच्या मंत्रिमंडळात राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना, जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाची योजना लागू झाली. पुढील दशकभर ती कागदावरच अधिक राहिली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. त्यानंतर मात्र योजनेने वेग घेतला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा मुदतीच्या पाच महिने आधी गाठला गेला आणि २०३० साठी ठरवलेले वीस टक्क्यांचे मूळ उद्दिष्ट २०२५ मध्येच साध्य झाले.

हे यश लहान नाही. आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण परदेशातून आणतो. आखाती देशांत ठिणगी पडली की तिची झळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. अशा वेळी परकीय चलनातला काही भाग वाचून तो ऊस आणि मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पडत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. गोदामात साखर पडून राहिली की उसाची बिले थकतात, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. इथेनॉलमुळे कारखान्यांना पैसा मिळवण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध झाला.

आता वाहनधारकाच्या बाजूचा विचार करू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळले की मिश्रणातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटते. हा निसर्गनियम आहे. त्यात कोणाचे कारस्थान नाही. दुसऱ्या बाजूला इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो. या गुणाचा लाभ घेण्यासाठी जे इंजिन मुळातच तयार केले आहे, ते यातील बरीच तूट भरून काढते. जुन्या इंजिनाला ते साधत नाही. म्हणूनच नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी आणि तशाच दुचाकीचे तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असे स्पष्ट लिहिले होते. दहा टक्क्यांसाठी बनवलेल्या आणि विसासाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट एक ते दोन टक्क्यांचीच. माझ्या वहीतला एक किलोमीटर या चौकटीत बसतो.

तथापि इंजिन निकामी होते, गाडी पेट घेते, अशा ज्या वावड्या उठतात, त्यांना आधार नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरावर त्याचा परिणाम होतो, हे खरे. काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबराचे भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये मान्य केले. खर्च फार मोठा नाही, असे मंत्रालय म्हणते. असेलही. परंतु तो करायचा कोणी, या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरले गेले आहे.

खरा प्रश्न दराचा आहे. मिश्रणातील ऊर्जा कमी असल्याने त्याची किंमतही साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, असे त्याच २०२१ च्या आराखड्यात सुचवले होते. तेव्हा इथेनॉल स्वस्त होते. पुढे शेतकऱ्याला बरा भाव मिळावा म्हणून खरेदीचे दर वाढत गेले आणि जुलै २०२५ अखेर इथेनॉलचा सरासरी खरेदी दर, वाहतूक व करासह, लिटरला ७१ रुपये ३२ पैशांवर पोहोचला. शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा तो अधिक आहे, हे मंत्रालयाचेच म्हणणे. म्हणजे स्वस्ताईची शक्यता मावळली, ऊर्जा मात्र घटलेलीच राहिली. २०२५ च्या मध्यात मुंबईत पेट्रोल लिटरला साडेतीनशे पैसे वर शंभर रुपये, म्हणजे १०३ रुपये ५० पैसे होते. महिन्याला चाळीस लिटर पेट्रोल जाळणाऱ्या कुटुंबाच्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज सहा टक्क्यांनी घटले, तर त्याला सुमारे अडीच लिटर जास्त लागते. महिन्याचे अडीचशे, वर्षाचे तीन हजार रुपये.

तीन हजारांनी कोणी भिकेला लागत नाही. देशासाठी याहून मोठी झीज सोसणारी माणसे आपल्या वस्तीत, आपल्याच परिचयात आहेत. २०१५ मध्ये आवाहन होताच लाखो कुटुंबांनी गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडले. त्या वेळी सरकारने विचारले होते आणि लोकांनी होकार दिला होता. इथेनॉलच्या बाबतीत हे विचारणेच राहून गेले. शंका घेणाऱ्याला प्रथम 'काही फरक पडत नाही' असे ऐकवले गेले आणि मग 'अगदी किरकोळ फरक पडतो' असे. आपल्यातीलही काही उत्साही मंडळी प्रश्नकर्त्याला लगेच तेलसम्राटांचा हस्तक ठरवून मोकळी होतात. स्वतःच्या वहीत आकडे लिहिणारा निवृत्त शिक्षक कोणाचा हस्तक असणार?

या संदर्भात ब्राझीलचे उदाहरण वारंवार दिले जाते. ते पूर्ण द्यावे. १९७५ पासून त्या देशाने हा मार्ग चोखाळला आणि २०२५ च्या ऑगस्टपासून तेथे मिश्रण तीस टक्क्यांवर नेले. परंतु तेथील पंपावर निव्वळ इथेनॉलची नळी वेगळी असते, २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या मिळतात आणि इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचे, हा हिशेब सामान्य माणसालाही पाठ असतो. निवड त्याच्या हातात असते. आपल्याकडे बहुतेक पंपांवर साध्या पेट्रोलच्या नळीतून वीस टक्के मिश्रणच येते.

म्हणून मागणी साधी आहे. पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत लिहावे. जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल काही काळ उपलब्ध ठेवण्याची आराखड्यातील शिफारस पुन्हा विचारात घ्यावी. ते शक्य नसेल, तर घटलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात करात थोडी सवलत द्यावी. आणि वीस टक्क्यांच्या पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी पाण्याचा व धान्याचा ताळेबंदही मांडावा. पावसाने ओढ दिली म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घालावे लागले होते, याचा विसर पडू नये.

स्वदेशी हे व्रत आहे. व्रत करणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते आणि ती तो आनंदाने मोजतो. माझ्या वहीतला तो एक किलोमीटर देशाला द्यायला माझी हरकत नाही. तो घेतला आहे, एवढे मात्र मला सांगितले जावे.