बाळाच्या लसीच्या दिवशी आईबापाचीही चौकशी व्हायला हवी

निघोजे-महाळुंगे भागात सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ थर्ड शिफ्ट सुटलेल्यांची. कंपनीच्या बसमधून उतरून, डोळे चोळत मुलं थेट दवाखान्यात येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. ॲसिडिटी, पाठ, डोकं, आणि कालच्या खाड्यासाठी सर्टिफिकेट.

असाच एक तिशीच्या आतला तरुण तीन आठवड्यांत चौथ्यांदा आला. छातीत धडधडतं, घशाशी येतं, झोप नाही. ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल, थायरॉइडही ठीक. गोळ्या बदलून देणार होतो, पण सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?" म्हणाला, "बायको आणि बाळ. मागच्या महिन्यात माहेराहून आणलं." बाळ किती महिन्यांचं? चार. एकच खोली, दिवसा बाळ रडणार आणि हा रात्रपाळी करून आलेला. झोपायला जागा नाही म्हणून मित्राच्या खोलीवर जातो, की बायको म्हणते, तुम्हाला आम्ही नकोच आहोत. सिझेरियनचं कर्ज फेडायला ओटी करतो. मग खाली बघत म्हणाला, "डॉक्टर, मी नसतो तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं."

ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन मी त्याला तीन वेळा घरी पाठवलं होतं. हे आधी कबूल करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात दोष इतरांइतकाच आम्हा डॉक्टरांचाही आहे.

गरोदरपण आणि बाळंतपण म्हटलं की आपण हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, वजन आणि बीपी बघतो. आईच्या मनाचं काय, हे कार्डावर कुठे लिहायला जागाच नसते. आणि बापाचं तर कार्डच नसतं.

थोडी माहिती देतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बऱ्याच आयांना रडू येतं, चिडचिड होते, कशातच मन लागत नाही. संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप मोडलेली असते, टाके दुखत असतात. हे दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. धीर, झोप आणि गरम जेवण हेच त्यावरचं औषध. पण दोन आठवडे उलटूनही उदासी तशीच राहिली किंवा वाढली, तर तो आजार आहे. त्याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात. तो स्वभावदोष नाही, नखरे नाहीत, आणि "आजकालच्या मुलींना काही सोसवत नाही" हे त्याचं निदान नाही.

हा आजार परदेशातला असंही समजू नका. आपल्या शेजारी, गोव्यात, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना नैराश्याचा आजार होता, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी बाळ सहा महिन्यांचं झालं तरी आजारीच होत्या. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक आकडा. या आजारी आयांपैकी ७८ टक्के जणींना मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. म्हणजे आजार बाळंतपणानंतर उगवला नव्हता. तो तपासणीच्या रांगेत, पोटावर हात ठेवून उभा होता आणि कुणी विचारलं नव्हतं. कारणं काय सापडली? पैशाची ओढ, नवऱ्याशी बिघडलेलं नातं. शिवाय बाळ मुलगी आहे की मुलगा, याचाही फरक पडत होता. घरात मारहाण असेल, पोटाला कमी पडत असेल, तर त्या त्रासाचं वजन मुलगी झाल्यावर बदलत होतं. पेढे वाटायचे की जिलेबी, यावर चेहरे पडणाऱ्या घरांना हे सांगायला हवं.

सासूबाईंना मी वेगळं सांगतो. गोव्याच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं, की नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांला वजनाने आणि उंचीने मागे राहण्याचं प्रमाण जास्त होतं. सुनेच्या मनाबद्दल बोललं की काही जणी मान फिरवतात. नातवाचं वजन म्हटलं की कान टवकारतात. मग तिथूनच सुरुवात करावी, माझी हरकत नाही.

आपल्या रीतींबद्दल माझं मत सरसकट वाईट नाही. सव्वा महिना विश्रांती, मालीश, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आईचा हात डोक्यावर, हे सगळं त्या मुलीला जपण्यासाठीच होतं. माहेरी गेलेल्या मुलीला रात्री बाळ घ्यायला चार हात मिळतात. पण त्याच खोलीत "रडू नकोस, दूध आटेल" हेही ऐकवलं जातं. रडल्याने दूध आटत नाही. ताणामुळे पान्हा सुटायला थोडा उशीर होऊ शकतो, इतकंच. आधीच खचलेल्या पोरीला आता रडण्याचीही भीती वाटू लागते.

आमच्या पट्ट्यातला पेच आणखी वेगळा आहे. इथली निम्मी जोडपी मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली. बाईचं नाव इथे नोंदवलेलं, बाळंतपण माहेरी, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती परत या एका खोलीत. बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशाताईंनी घरी सहा भेटी द्यायच्या असतात, पण त्या दिवसांत ही बाई इथे नसतेच. परत येते तेव्हा ना आई जवळ, ना सासू. शेजारणीची भाषा वेगळी. नवरा बारा तास कंपनीत.

आता नवऱ्यांकडे येतो. बापालाही नैराश्य येतं, हे सांगितलं की लोक हसतात. २०१० साली ४३ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की बायको गरोदर असल्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात साधारण दहातल्या एका बापाला नैराश्य येतं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना हे प्रमाण सगळ्यात जास्त असतं. आमच्याकडे बायको माहेराहून परत येते ती नेमकी याच महिन्यांत. पुरुष रडत नाही. तो चिडतो, जास्त पितो, ओटी मागून घेतो, घरी जायला उशीर करतो, नाहीतर ॲसिडिटी घेऊन माझ्यासमोर बसतो. आईला नैराश्य असेल तर बापाला होण्याची शक्यता वाढते, आणि उलटही. एकाच खोलीत दोघं आजारी आणि दोघांनाही वाटतं की समोरचा बदलला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. नवी योजना, नवं कार्ड काही नको. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला बाळ येतंच. आपल्याकडे लस चुकवणारे आईबाप कमी. त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर, दोन प्रश्न विचारायचे. गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक वेळ मन उदास, निराश वाटतंय का? ज्या गोष्टी आवडायच्या त्यांत गोडी वाटेनाशी झालीय का? मी तिसरा जोडतो: बाळ झोपल्यावर तरी तुम्हाला झोप लागते का? हे प्रश्न आईला एकटीला विचारायचे, सासूला बाहेर बसवून. आणि बाप गाडी लावून बाहेर उभा असेल तर त्याला आत बोलावून त्यालाही विचारायचे. एकाचंही उत्तर "हो" आलं, किंवा तिसऱ्याचं "नाही" आलं, तर पुढे सविस्तर बोलायचं. त्यासाठी १९८७ सालापासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली आहे, ती पाच मिनिटांत होते. गरोदरपणातल्या तपासणीलाही हेच करायचं.

"विचारलं तर त्यांच्या डोक्यात नसलेलं भरेल" असं काही सहकारी म्हणतात. जीव नकोसा वाटतो का, असं विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. असलेला बाहेर येतो.

उपचारांबद्दलही भीती फार आहे. सौम्य त्रासात समुपदेशन आणि घरच्यांनी वाटून घेतलेल्या रात्री बरंच काम करतात. त्याबरोबर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो आणि तोही उदासीसारखाच दिसतो. औषध लागलंच, तर सर्ट्रालिनसारखी गोळी आईच्या दुधात फार कमी उतरते, ती घेताना अंगावर पाजता येतं. ज्या बाईला आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत तिने दिवस राहिल्यावर त्या स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दिवस राहण्याच्या आधीच विचारावं.

एक प्रकार मात्र वाट बघण्याचा नाही. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, झोप पूर्ण उडते, बडबड वाढते, भलतेसलते संशय येतात, बाळ आपलं नाहीच असं वाटतं. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, आणि देवऋषीकडे दोन दिवस जातात. तेवढ्यात आईच्या आणि बाळाच्या दोघांच्या जिवावर बेतू शकतं. तिला बाळाजवळ एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचं ससून, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. योग्य उपचाराने ही बाई पूर्ण बरी होऊ शकते.

कंपन्यांच्या एचआरमधले काही जण माझे रुग्ण आहेत, त्यांनीही हे वाचावं. २०१७ पासून आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर त्या माणसाला थर्ड शिफ्ट लावायची नाही, एवढं सुपरवायझरच्या पातळीवर करता येतं. त्याला खर्च नाही, शिफ्टच्या तक्त्यात एक नाव बदलावं लागतं. कंत्राटी कामगारालाही हे लागू करा. गेटपास बंद होईल या भीतीने तोच मागणार नाही.

त्या तरुणाला मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पुढच्या खेपेला मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. दोन्ही प्रश्नांना तिने मान हलवली. तिच्यावर आता उपचार चालू आहेत. तो दोन महिने जनरल शिफ्टला आहे, ओटी बंद केल्याने कर्जाचा हप्ता एकदा चुकला. मागच्या आठवड्यात बाळाला सर्दी झाली म्हणून तिघंही आले होते. बाळ त्याच्या मांडीवर होतं.