किनाऱ्याची सहल, कॉपी केलेला रिपोर्ट

भाची टीवायला आहे, भूगोल घेऊन. परवा तिनं हरिहरेश्वरच्या क्षेत्रभेटीचा रिपोर्ट दाखवला. प्रस्तावना, उद्दिष्टं, हवामान, सगळं नेटवरचं. शेवटी ग्रुप फोटो. मोजमाप एकही नाही.

"काही मोजलं की नाही गं?"

"मामा, बस दीड तास थांबली. भरती होती, तरंगघर्षित मंच पाण्याखालीच होता!"

हसू आलं, आणि लाजही वाटली. पंचवीस वर्षांपूर्वी मीही सीनियरची फाईल उतरवूनच मार्क मिळवले होते.

किनाऱ्यावर जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघायची, हे कोळ्याचं पोरही सांगेल. साधनंही महागडी लागत नाहीत. दोन काठ्या आणि क्षितिज यांवर पुळणीचा उतार मोजायची पद्धत एमरी यांनी १९६१ सालीच दिली आहे.

पण इथं शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, नंतर बरीचशी परत आणतात. एकदाच जाऊन 'इथे धूप होते' लिहिण्याला अर्थ नाही. तीच जागा, तोच हंगाम, दरवर्षी मोजायला हवं.

तुम्ही म्हणाल, दहा-वीस मार्कांसाठी एवढं कशाला? २०२० ला निसर्ग आलं, २०२१ ला तौक्ते. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० वर आणलं. बंधारा हवा की नको, समुद्र किती आत आला, यावर गाव भांडतं तेव्हा त्याच्याकडे आठवणी असतात, कागद नसतो. आणि कॉलेजं तर वर्षानुवर्षं तिथंच येतायत!

म्हणून प्राध्यापकांना विनंती. देवळाची पायरी किंवा विहीर अशी एक पक्की खूण धरून दरवर्षी तीच रेषा मोजा. रिपोर्टात तारीख, वेळ, भरतीची स्थिती आणि वहीतले कच्चे आकडे जसेच्या तसे लावा. 'आमचं कुठं चुकलं' यालाही मार्क द्या. एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. बघा, वीस वर्षांत काय जमा होतं ते.

भाची येत्या अमावास्येला पहाटेच्या ओहोटीला पुन्हा जातेय. दुसरी काठी मी धरणार आहे.