खांद्यावरची सायकल

सायकल माणसाला वाहून नेते. माणसाने सायकलीला वाहून न्यावे, हे ऐकून कोणासही हसू येईल. परंतु सायक्लोक्रॉस नावाच्या शर्यतीत स्पर्धकांना हे काम वारंवार करावे लागते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये हा खेळ उदयास आला. १९५० साली पॅरिस येथे त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. आज बेल्जियममध्ये तो अतिशय लोकप्रिय आहे. थंडीच्या दिवसांत कुरणे, झाडी, क्वचित वाळूच्या टेकड्या यांतून सुमारे तीन किलोमीटरांचा वळणावळणांचा मार्ग आखतात व स्पर्धक त्याला अनेक फेऱ्या घालतात. पावसाने माती लोण्यासारखी निसरडी झालेली असते. वाटेत चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या आडव्या लावलेल्या असतात. फळी जवळ येताच स्वार धावत्या सायकलीवरून उतरतो, सायकल उचलून फळी ओलांडतो आणि पुन्हा तिच्यावर झेप घेतो. चढणीवर चाके रुतू लागली, की तो सायकल सरळ खांद्यावर घेऊन धावत सुटतो.

या खेळात केवळ नामांकित खेळाडूच उतरतात असे नाही. आठवडाभर शाळेत, कचेरीत वा कारखान्यात राबणारे स्त्रीपुरुषही सुटीच्या दिवशी हौशी गटात नाव नोंदवतात. आपला पहिला क्रमांक येणार नाही, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. आघाडीचा स्पर्धक मागून येऊन त्यांच्यावर एक पूर्ण फेरी चढवतो, तरी ते थांबत नाहीत. जिंकण्याची आशा नसताना चिखलात एवढे कष्ट कशासाठी, असे कोणी विचारील.

असे विचारणाऱ्याला शर्यतीत केवळ बक्षीस दिसते. वस्तुतः तिसाव्या क्रमांकाच्या स्पर्धकापुढेही एक खरी शर्यत असते. एकोणतिसावा त्याच्यापुढे दहा हातांवर असतो. एकतिसाव्याचा श्वास मागून ऐकू येत असतो. पहिल्याच्या वाट्याला जो चिखल, तोच त्याच्याही वाट्याला. किंबहुना अनेक चाकांनी तुडवल्यामुळे अधिकच खोल. टायरांत हवा किती कमी ठेवली म्हणजे ते माती धरतील, कोठे पेडल मारीत राहावे, कोठे वेळीच उतरावे, याचा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

अर्थात, मागे राहणे हा काही गुण नव्हे. सराव न करता मागे पडावे आणि 'भाग तर घेतला' म्हणून समाधान मानावे, ही स्वतःचीच फसवणूक होय. परंतु मनापासून तयारी करूनही जो मागे पडला, त्याने लाजण्याचे कारण नाही. सायकलीवरून उतरणे म्हणजे शर्यत सोडणे नव्हे. जेथे सायकल चालत नाही, तेथे तिला खांद्यावर घेऊन जो पुढे जातो, तो आपली शर्यत पुरी करतोच. चिखलाने माखलेला शेवटचा स्पर्धक अंतिम रेषा ओलांडतो, तेव्हा थंडीत ताटकळलेले प्रेक्षक टाळ्या वाजवतात, त्या दयेपोटी नव्हेत. त्या त्याने कमावलेल्या असतात.