‘साफ केलेली’ कोळंबी – कुणी केलेली?

ओव्हनमधल्या भरलेल्या कोळंबीची कुठलीही पाककृती काढून बघा. साहित्याच्या यादीतली पहिली ओळ बहुधा अशी असते : ‘मोठी कोळंबी १२ ते १५, साफ केलेली.’ मग खोबरं, कोथिंबीर, आलं-लसूण, मीठ चवीनुसार. आणि शेवटी, ‘लागणारा वेळ : २५ मिनिटे.’ वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, टीव्हीवरून आणि आता हातातल्या फोनवरून हा पदार्थ आपल्या घरांत येऊन पोचला आहे. पदार्थ चांगला आहे. मी तो आवडीने करते आणि आवडीने खातेही. माझं भांडण आहे ते ‘साफ केलेली’ या दोन शब्दांशी आणि त्या २५ मिनिटांशी.

काम किती आहे ते आधी नीट मांडू या, कारण ज्यांनी जन्मात कधी कोळंबी सोललेली नाही, त्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही. बाजारातून किलोभर मोठी कोळंबी आणली की प्रत्येकीचं डोकं मोडायचं, पाय काढायचे, कवच सोलायचं. डोक्यावरचा काटा बोटात शिरला की दोन दिवस ठणकतं. भरायची असेल तर शेपूट तशीच ठेवायची. मग पाठीवरून उभी चीर देऊन काळा दोरा ओढून काढायचा. तो मध्येच तुटला तर सुरीच्या टोकाने कोरत बसायचं, नाहीतर खाताना दाताखाली कचकच येते. चीर अशी बेताची हवी की कोळंबी पुस्तकासारखी उघडेल, पण आरपार फाटणार नाही. फाटली तर सारण धरत नाही. त्यानंतर दोन-तीन पाण्यांतून धुवायची, हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवायची. डोकी आणि कवचं गेल्यावर किलोतलं जेमतेम निम्मं हाताशी उरतं. सवयीच्या हातालाही याला तास लागतो.

मग सारण. कांदा अगदी बारीक चिरून परतायचा. त्यात ओलं खोबरं, हिरवी मिरची, आलं-लसूण, कोथिंबीर. चवीला थोडी करंदी चिरून घातली तर फारच छान, पण ती करंदीही कुणीतरी निवडलेली असावी लागते. ओलावा धरायला पावाचा चुरा. सारण ओलसर राहिलं तर ट्रेमध्ये पाणी सुटतं आणि कोळंबी भाजण्याऐवजी शिजते. हे सगळं एकेक करून भरायचं, दाबून बसवायचं, वरून तेलाचा किंवा लोण्याचा हात फिरवायचा.

आता ओव्हन. दहा मिनिटं आधी तापवून ठेवलेला, २०० अंश सेल्सिअसवर. कोळंबी आत गेली की दहा-बारा मिनिटं पुरतात. ती गुलाबी होऊन वळली आणि आतला काचेसारखा रंग जाऊन पांढरी झाली की बाहेर काढायची. आणखी पाच मिनिटं राहिली तर रबर चावल्यासारखं लागतं. आणि मग उरतं ते मागचं काम. ट्रेला चिकटलेलं खरवडायचं, सिंक घासायचं, कवचं कागदात गुंडाळून लगेच घराबाहेर न्यायची, हातांना लिंबू चोळायचं. एवढं करूनही बोटांचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही.

म्हणजे सुमारे अडीच तासांच्या कामातली यंत्राची वाटणी बारा मिनिटांची. आणि मौज अशी की ‘आज मी करतो’ म्हणणारे घरातले पुरुष बहुतेकदा याच बारा मिनिटांना हजर होतात. माझ्या एका थोरल्या चुलत बहिणीच्या घरी मागे आम्ही जेवायला जमलो होतो. भावोजींनी ट्रे टेबलावर आणून ठेवला, सगळ्यांनी वाहवा केली. ताईच म्हणाली, “यांच्या हातची कोळंबी एकदा खाऊन तर बघा.” मी विचारलं, “भावोजी, दोरे कुणी काढले?” सगळे हसले. तेही मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, “तेवढं ती करून देते.” माणूस वाईट नाही. पण ‘तेवढं’ हा शब्द मी विसरलेली नाही. तास-दीड तासाच्या ओल्या, काटेरी, वासाच्या कामाला आपल्या घरांत ‘तेवढं’ म्हणतात आणि बटण फिरवण्याला ‘स्वयंपाक’!

ओव्हन आपल्याकडे उशिरा आला. नानखटाईचे डबे घेऊन बायका बेकरीच्या भट्टीवर जायच्या, घरी केक करायचा तर पातेल्याच्या वर-खाली निखारे नाहीतर खाली तापलेली वाळू. अशा घरांत यंत्र आलं तेव्हा सर्वांना वाटलं, बाईचं काम हलकं झालं. धूर गेला, निखारे गेले, हे खरंच आहे आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण पूर्वी आपण कोळंबीचं काय करायचो? कालवण, सुकं, नाहीतर तव्यावर तळलेली. प्रत्येक कोळंबी उघडून, भरून, रांगेत मांडायला कुणी सांगत नव्हतं. ओव्हन आला आणि पाहुण्यांसाठी नुसतं कालवण ‘साधं’ वाटू लागलं. यंत्राने जेवढा वेळ वाचवला, तेवढ्याच्या दुप्पट नवी अपेक्षा उभी केली.

हे आपल्याच घरांत घडलेलं नाही. अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हाच हिशेब मांडला आहे. तिथे उघड्या चुलीच्या जागी बिडाचा स्टोव्ह आला तेव्हा लाकूड कमी लागू लागलं. लाकूड तोडणं हे पुरुषांचं काम, ते वाचलं. बाईचं मात्र एका भांड्यातलं जेवण जाऊन एकाच वेळी तीन पदार्थ करायचे झाले आणि स्टोव्ह पुसण्या-घासण्याचं नवं काम गळ्यात पडलं. यंत्र घरात आलं तरी कामाची वाटणी बदलली नाही, तर वाचलेला वेळ बाईकडे परत येत नाही.

आपल्याकडचे आकडेही हेच बोलतात. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळवापर पाहणीत ८१.२ टक्के बायका घरातलं बिनपगारी काम करत होत्या, पुरुष २६.१ टक्के. काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, काम करणाऱ्या पुरुषाची ९७. पुढची पाहणी २०२४ सालची. तिच्यात हे आकडे २८९ आणि ८८ असे आहेत. मधल्या पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली. पण पुरुषाचीही नऊ वाचली! तिचं ओझं त्याने उचलल्याचं काही यात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपण बोलायला लाजतो. कालवण मोजलं जात नाही, भरलेली कोळंबी मोजली जाते. पंधरा कोळंब्या आणि जेवणारे सहा, म्हणजे हिशेब सरळ आहे. पाहुण्यांना तीन-तीन, मुलांना दोन-दोन, ‘ह्यांना’ आणखी एक. सोलणारीच्या पानात काय येतं? ट्रेच्या कोपऱ्यात सांडलेलं सारण आणि दुसऱ्या दिवशी डोक्यांचं सार. आपण शेवटी बसतो, थंड खातो आणि वर म्हणतो, ‘करताना वासानेच पोट भरलं.’ मैत्रिणींनो, वासाने पोट भरत नाही. हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलं आणि आपणही ते मुलींसमोर रोज गिरवतो आहोत.

यावर एक तयार उत्तर असतं : ‘एवढा त्रास कशाला, साफ करूनच आणा.’ आणा ना, पण मग ते कुणी केलं हेही बघा. बाजारात मासे विकणारी मावशी पाटीमागे ओल्यात बसून आपल्याला कोळंबी सोलून देते आणि त्याचे थोडे जास्त पैसे मागते. तिथे आपण घासाघीस करतो. साडीच्या दुकानात न बोलता लेबलावरची किंमत देणारी बाई कोळंबी सोलण्याच्या मजुरीवरून मात्र हुज्जत घालते, हे मी दर रविवारी बघते. तिच्याही त्या कामाला आपण ‘तेवढं’च समजतो. आणि हीच मावशी टोपली घेऊन लोकलच्या डब्यात शिरली की आपण नाकाला पदर लावतो.

मुंबईचा ससून डॉक १८७५ सालचा. तिथे पहाटेपासून बायका कोळंबीच्या ढिगांभोवती बसून सोलण्याचं काम करत आल्या आहेत. मजुरी सोललेल्या मालावर. म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. आजारपण, बाळंतपण, पाळीच्या दिवसांतली पाठदुखी हे सगळं तिच्या खात्यात. बर्फातली कोळंबी सोलून बोटं बधिर होतात, काट्यांनी चिरतात, कोळंबीच्या पाण्याने कातडी सोलवटते. केरळातल्या तरुण मुली याच कामासाठी वर्षानुवर्षं गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत आल्या आहेत. घरापासून लांब, मालकाच्याच जागेत राहून त्यांनी हे काम केलं आहे.

हा धंदा किरकोळ नाही. २०२३-२४ या वर्षात भारतातून सात लाख टनांहून अधिक गोठवलेली कोळंबी परदेशी गेली. मासळीच्या निर्यातीत सगळ्यात जास्त पैसा तिचाच आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथल्या घरांत पाकीट फोडून कोळंबी थेट ओव्हनमध्ये जाते. त्या पाकिटावरही ‘साफ केलेली’ एवढंच लिहिलेलं असतं. २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी थायलंडमधल्या समुत साखोनच्या सोलणी-शेड उघडकीला आणल्या. ब्रह्मदेशातून आलेली माणसं, त्यांत लहान मुलंसुद्धा, बर्फाच्या पाण्यात हात घालून दिवसाला सोळा-सोळा तास कोळंबी सोलत होती. तो माल अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत पोचत होता. कोळंबी स्वस्त झाली की ती का स्वस्त झाली हे विचारायला हवं, ते यासाठी.

म्हणून ‘साफ करून आणा’ हे पूर्ण उत्तर होत नाही. एका बाईच्या मानेवरचं जोखड दुसऱ्या, तिच्याहून गरीब बाईच्या मानेवर गेलं, तर घरातल्या पुरुषांच्या दिनक्रमात काहीच बदलत नाही. पैसे देऊन काम करून घ्यायला माझा विरोध नाही. त्या कामावर त्या बायकांची घरं चालतात. पण मग ते काम म्हणून माना आणि कामाचा दाम द्या. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला. तुकड्यावर काम करणाऱ्यालाही किमान दर मिळाला पाहिजे, ही तरतूद त्यात तेव्हापासून होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. कागदावर!

काही मैत्रिणी म्हणतील, बाईवरचे अत्याचार, जमिनीतला हक्क, नोकरीतला अन्याय एवढे प्रश्न असताना ही कोळंबीची कथा कशाला? मला वाटतं, बाईचे श्रम गृहीत धरायला माणूस पहिल्यांदा कुठे शिकतो, तर स्वयंपाकघरात. आपल्या पानात तयार पदार्थ येतो, तो कुणाच्या हातून आला हे विचारायचं नसतं, हे मुलगा पाच वर्षांचा असतानाच शिकलेला असतो. पुढे तोच मालक होतो, मुकादम होतो, नवरा होतो. ‘मी प्रेमाने करते’ असंही कुणी म्हणेल. जरूर करा. पण प्रेम दोन्ही बाजूंनी असेल तर दोरे एकाच बाजूने का काढायचे?

मी काही मोठ्या मागण्या करत नाही. पाककृती लिहिणाऱ्या बायांनी आणि बाप्यांनी ‘साफ केलेली’ हे शब्द गाळावेत आणि ‘सोलायला एक तास’ असं साहित्याच्या वरच लिहावं. घरात कोळंबी येईल त्या दिवशी जितके खाणारे तितके सोलणारे, असा नियम करावा. एका माणसाला किलो जड जातं, चौघांना पाव-पाव किलो म्हणजे गप्पा मारता मारता होणारं काम आहे. मुलग्यांना दोरा काढायला शिकवावं. अर्ध्या तासात येतं, त्याला बाईचा जन्म लागत नाही. बाजारातल्या मावशीशी सोलण्याच्या पैशांवरून हुज्जत घालू नये. आणि ट्रे बाहेर आला की जिने सोललं, जिने भरलं, तिने पानावर आधी बसावं आणि गरम गरम, मोजून, आपल्या वाट्याची खावी.

आमच्या घरी हा नियम सुरू होऊन तीन वर्षं झाली. पहिले काही रविवार कटकटीत गेले. आता कोळंबी महिन्यातून दोनदा येते ती एकदाच येऊ लागली आहे, कारण सोलायचं म्हटल्यावर सगळ्यांची भूक बेताची होते! त्यातूनही बरंच काही कळतं. तुमच्या घरी कोळंबी कोण सोलतं, आणि हा प्रश्न विचारल्यावर घरात काय झालं, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून कळवा.