वाक्प्रचार अंगवळणी पडताना

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तरी वाक्प्रचार, म्हणजे ज्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही असे रूढ शब्दसमूह, आजही बहुधा यादीवरून पाठ केले जातात. पाली गावचा विद्यार्थी अंबा नदीला पूर आणणाऱ्या पावसाविषयी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ असे लिहितो, तेव्हा व्याकरण चुकत नाही. परंतु इंग्रजी भाषक रोजच्या बोलण्यात बहुधा ‘इट्स पोअरिंग’ एवढेच म्हणतात, आणि हा फरक यादीतून कळत नाही. ‘हात टेकणे’ मराठी मूल घरीच, प्रसंगासह ऐकून उचलते. इंग्रजीसाठी तो प्रसंग वर्गात उभा करावा लागतो. शिक्षकांनी याद्या आवरत्या घेऊन क्रिकेटचे इंग्रजी समालोचन, बातम्या आणि संवाद मुलांना नेमाने ऐकवावेत.